फेसलिफ्टनंतर ओठ वाकडा, भुवई हलेना: आधी काय करायचं, नंतर काय आणि काय अजिबात करायचं नाही

चेहऱ्याची सर्जरी झाली आणि दुसऱ्या दिवशी आरशात ओठ वाकडा दिसला की घरात धावपळ सुरू होते, आणि ती जवळजवळ नेहमी उलट्या क्रमाने होते. कुणीतरी करंटचं मशीन भाड्याने आणतं, कुणी फुगे फुगवायला लावतं, आत्या फोनवरून तेल सांगते, आणि या गडबडीत नीट बंद न होणारा डोळा दिवसेंदिवस कोरडा पडत राहतो. सर्जनला फोन जातो तो चौथ्या-पाचव्या दिवशी. मी फिजिओथेरपिस्ट आहे, चेहऱ्याच्या नसांचे पेशंट बघते, आणि असे पेशंट आले की पहिले काही आठवडे आधी झालेलं निस्तरण्यातच जातात. यातल्या बहुतेकांची नस पुष्कळशी आपोआप भरून येणारी असते. नुकसान होतं ते क्रम चुकल्यामुळे.

हे फेसलिफ्ट (चेहऱ्याची सैल त्वचा ओढून घट्ट करणं), नेक लिफ्ट, ब्रो लिफ्ट (तेच मानेचं आणि भुवयांचं), हनुवटीखालची लायपो (चरबी ओढून काढणं), गालातलं फॅट काढणं, थ्रेड लिफ्ट (धाग्यांनी त्वचा ओढणं), जबड्याची किंवा हनुवटीची सर्जरी या सगळ्यांना लागू आहे.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. चेहऱ्यात दोन वेगळ्या प्रकारच्या नसा असतात. हलवणारी एक, तिचं नाव फेशियल नर्व्ह, कानाच्या पुढून तिच्या पाच मुख्य फांद्या निघतात: कपाळ, डोळा, गाल, खालचा ओठ आणि मान. आणि स्पर्श कळवणाऱ्या नसा वेगळ्या. गाल बधीर आहे पण ओठ सरळ हलतोय, तर हलवणारी नस ठीक आहे. ओठ वाकडा आहे पण स्पर्श कळतोय, तर उलट. लोक या दोन्हीला "नस सुन्न झाली" म्हणतात आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर करत बसतात.

## १. सर्जरीच्या आधीची तयारी

ज्यांची सर्जरी अजून व्हायची आहे त्यांनी हा टप्पा सोडू नका.

मोबाईलवर व्हिडिओ काढा, चेहरा समोरून, खिडकीचा उजेड समोर, फिल्टर बंद, आणि हो, सेल्फी कॅमेरा नको कारण काही फोन तो उलटा सेव्ह करतात आणि मग डावं-उजवं यावर भांडण होतं. या क्रमाने करा: भुवया वर, डोळे हळू बंद, डोळे गच्च बंद, नाक आकसणं, तोंड बंद ठेवून हसणं, दात दाखवून हसणं, ओठांचा चंबू, "ई" म्हणून खालचे दात दाखवणं, शेवटी खालचा ओठ बाहेर काढणं. दोन मिनिटांचं काम आहे. आपल्यातल्या खूप जणांचं हसू मुळातच थोडं तिरकं असतं आणि सर्जरीनंतर पहिल्यांदा आरशात निरखून बघताना ते नवीन वाटतं.

सर्जनला आधीच सांगायच्या गोष्टी: पूर्वी कधी तोंडाचा लकवा झाला होता का, गेल्या चार-पाच महिन्यांत बोटॉक्स (स्नायू तात्पुरता ढिला करणारं इंजेक्शन) घेतलंय का, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, बीपी, शुगर, सिगारेट, तंबाखू. बीपी ताब्यात नसेल तर सर्जरीनंतर आत रक्त साठण्याचा धोका वाढतो, आणि साठलेलं रक्त नसेवर दाब आणतं.

सर्जनला विचारायच्या गोष्टी: तुम्ही नक्की कुठल्या थरात काम करणार, त्यात कुठली फांदी जवळ येते, कमजोरी आली तर रात्री फोन कुणाला करायचा. या प्रश्नांवर चिडणारा सर्जन असेल तर मी तरी दुसरीकडे जाईन. प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी (आता डीआरएनबी) ही पदवी आहे का आणि मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आहे का, तेही बघा.

तपासून बघा: व्हिडिओ घरातल्या आणखी एकाच्या फोनवर आहे का? रात्रीचा नंबर कागदावर लिहिलाय का?

## २. पहिले २४ तास

शुद्धीवर आल्यावर ओठ किंवा भुवई हलत नाही, हे पुष्कळदा बधिरीकरणाच्या इंजेक्शनमुळे असतं. लिग्नोकेन काही तासांत उतरतं, ब्युपिव्हाकेन वापरलं असेल तर अर्धा दिवस किंवा थोडं जास्तही लागू शकतं. म्हणून संध्याकाळी घाबरून जायचं कारण नाही, पण वेळ मात्र लिहून ठेवायची: कमजोरी पहिल्यांदा कधी दिसली, शुद्धीवर येताच का नंतर. ही एक ओळ पुढे फार कामाची आहे. आधी नीट हलत होतं आणि दुसऱ्या दिवशी सूज चढल्यावर ढिलं पडलं, तर नस अखंड असण्याची शक्यता खूपच जास्त. बधिरीकरण उतरून गेलं तरी पहिल्या क्षणापासून जराही हालचाल नाही, तर ते जास्त गंभीरपणे घ्यायचं.

थांबू नका, लगेच हॉस्पिटल: एकाच बाजूला वेगाने वाढणारी टणक सूज, त्या बाजूला ठणका, त्वचा निळसर-जांभळी, गळा आवळल्यासारखं वाटणं, श्वासाला त्रास. हे आत रक्त साठल्याचं लक्षण असू शकतं, बहुतेक वेळा पहिल्या २४ तासांतच होतं, आणि यात सकाळची ओपीडी उघडायची वाट बघायची नसते.

दुसरी धोक्याची खूण: तोंड वाकडं आणि सोबत हात किंवा पाय ढिला, बोलणं अडखळतंय, शब्द सुचत नाहीत. हा मेंदूचा झटका असू शकतो, १०८ ला फोन करा. "कपाळ हलतंय म्हणजे नसेचंच आहे" किंवा "कपाळ हलतंय म्हणजे मेंदूचंच आहे" असे नेटवरचे नियम इथे चालत नाहीत, कारण सर्जरीत नसेची एकच फांदी दुखावलेली असू शकते आणि तेव्हाही कपाळ व्यवस्थित हलतं.

## ३. बाकी सगळ्याच्या आधी डोळा

हाच टप्पा लोक सर्वात जास्त चुकवतात म्हणून इथे जरा थांबते. ओठाची नस उशिरा भरली तर फार तर फोटो बिघडतील, पण डोळ्याच्या बुबुळावर जखम झाली तर नजर जाऊ शकते.

पेशंटला झोपल्यासारखे डोळे हळू मिटायला सांगा, जोर न लावता. बाजूने बारीक फट दिसतेय का? बुबुळाखालची पांढरी पट्टी दिसतेय का? रात्री झोपल्यावर घरच्यांनी पुन्हा बघा, कारण जागेपणी जोर लावून बंद होणारा डोळा झोपेत उघडा राहतो आणि पेशंटला ते कळतही नाही.

फट राहत असेल तर:

दिवसा कृत्रिम अश्रूंचे ड्रॉप, साधारण दर एक-दोन तासांनी. इतक्या वेळा घालायचे असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागून घ्या, बाकीच्या बाटल्यांनी डोळा उलट चुरचुरतो. रात्री डोळ्याचं लुब्रिकंट मलम. त्याने थोडा वेळ धूसर दिसतं, ते चालतं.

मग पट्टी. मलम घातल्यावर पापणीवरचा तेलकटपणा टिश्यूने पुसा, वरची पापणी बोटाने अलगद खाली आणा, ती पूर्ण मिटलेली आहे याची खात्री करा, आणि मगच कागदी चिकटपट्टी आडवी लावा. पापणी नीट मिटलेली नसताना वर कापूस किंवा गॉज ठेवून दाबून बांधू नका, तोच कापूस रात्रभर बुबुळावर घासत राहतो. नुसतं वर मलमपट्टी केली म्हणजे डोळा सांभाळला, असं समजून बसलेले पेशंट मी लाल डोळे घेऊन आलेले पाहिलेत. वरच्या पापणीची सर्जरी झाली असेल तर पट्टी लावण्याआधी सर्जनला विचारा. टाके ताजे असतात, आणि तिथे डोळा न मिटण्याचं कारण नस नसून ताणलेली त्वचा किंवा सूजही असू शकते.

काजळ, लेन्स, फॅनचा थेट वारा बंद. बाहेर पडताना बाजूनेही झाकणारा चष्मा. स्कूटरवर तर जाऊच नका.

त्याच दिवशी डोळ्याचे डॉक्टर: डोळा लाल, दुखणं, उजेड सहन न होणं, मलम पुसूनही धूसर दिसणं. आणि डोळा दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नका, स्पर्शाची नसही दबली असेल तर जखम झालेली कळत नाही.

## ४. कुठली फांदी, हे घरच्या घरी ओळखा

निदान डॉक्टरच करतील, पण फोनवर "तोंड वाकडं झालंय" एवढंच सांगण्यापेक्षा नेमकं सांगता आलं तर काम लवकर होतं.

भुवई वर जात नाही, कपाळाला एका बाजूला आठ्या पडत नाहीत: कपाळाची फांदी. कपाळ आणि खालचा ओठ या दोन फांद्यांना शेजारच्या फांद्यांची मदत कमी मिळते, म्हणून तिथली कमजोरी लगेच दिसते आणि भरायलाही वेळ घेते.

गाल ढिला, घास गालात साठतो, वरचा ओठ उचलत नाही: गालाची फांदी. इथे नसांचं जाळं दाट असतं, एकीचं काम दुसरी उचलते, म्हणून बहुतेकांना लवकर आराम पडतो.

खालचा ओठ. "ई" म्हणा. चांगल्या बाजूचे खालचे दात उघडे पडतात आणि कमजोर बाजूचा ओठ दातांवर तसाच राहतो, त्यामुळे गंमत अशी की लोकांना चांगलीच बाजू वाकडी वाटते आणि ते तिलाच मालिश करतात. आता खालचा ओठ बाहेर उलटा काढा, रुसलेलं मूल काढतं तसा. तो दोन्ही बाजूंनी बाहेर येतोय पण दात दाखवताना फरक पडतोय, तर बहुतेक मानेची फांदी दुखावलेली आहे. ओठ बाहेर काढताच येत नसेल तर खालच्या ओठाची स्वतःची फांदी. मानेच्या फांदीतला दोष तुलनेने लवकर जातो, म्हणून हा फरक माहीत असलेला बरा.

कानाची पाळी आणि कानाखालचा भाग बधीर: ही स्पर्शाची नस, फेसलिफ्टमध्ये सर्वात जास्त वेळा दुखावणारी मोठी नस हीच. हसण्याशी तिचा काही संबंध नाही.

तपासून बघा: सर्जरीच्या आधीचा व्हिडिओ शेजारी लावूनच ठरवा. सूज आणि आतले घट्ट टाके यामुळेही चेहरा ओढल्यासारखा दिसतो.

## ५. पहिले तीन दिवस: सर्जनशी बोलायची वेळ

दुसऱ्या दिवशीही कमजोरी असेल तर व्हिडिओ पाठवा आणि प्रत्यक्ष दाखवून या. "सूज आहे, उतरेल" हे उत्तर बहुतेक वेळा खरं असतं, पण ते तपासून दिलेलं असावं.

घाई का? नस कापली गेली असेल तर तिचं पुढचं टोक साधारण ७२ तासांपर्यंत विजेच्या हलक्या झटक्याला प्रतिसाद देतं. या काळात पुन्हा उघडलं तर सर्जनला ते टोक शोधून जोडणं सोपं जातं. नंतर जोडता येतच नाही असं नाही, पण शोधणं अवघड होतं. म्हणून स्पष्ट शब्दांत विचारा: "डॉक्टर, नस तुम्हाला सर्जरीत दिसली होती का? कापली गेल्याची शंका आहे का? पुन्हा उघडून बघायची गरज वाटते का?"

याच कारणाने पहिल्या दोन दिवसांतला एनसीव्ही (नसेतून विजेचा संदेश कसा जातो ते मोजणारी तपासणी) रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून पेढे वाटू नका, तुटलेली नसही तेव्हा नॉर्मल दिसू शकते. ईएमजीला (स्नायूतली विजेची हालचाल मोजणारी तपासणी) खरा अर्थ येतो तो दोन-तीन आठवड्यांनी.

स्टेरॉइडच्या गोळ्या देतात का? सूज जास्त असेल तर काही सर्जन देतात. पण "शेजारच्या काकांना लकव्यात दिल्या होत्या" म्हणून मेडिकलमधून आणून सुरू करू नका. शुगर वाढते, जखम भरायला उशीर होतो.

आणि डिस्चार्ज कार्डवर भागवू नका, ऑपरेशन नोट्सची कॉपी मागा. कुठल्या थरात काम केलं, कुठे टाके घेतले, धागे किंवा इम्प्लांट वापरलं का, हे त्यातच असतं आणि पुढचा प्रत्येक डॉक्टर तेच विचारतो.

## ६. पहिले तीन आठवडे: कमी करा

या काळात नसेला शांतता लागते. डोकं थोडं उंच ठेवून झोपणं, वाकून जड न उचलणं, बीपी-शुगर ताब्यात, तंबाखू पूर्ण बंद. स्ट्रॉने ओघळ येत असेल तर छोट्या कपाने चांगल्या बाजूने प्या, आणि जेवल्यावर गालात अडकलेला घास बोटाने काढून चूळ भरा.

आता काय करायचं नाही ते:

करंटचं मशीन स्वतःहून लावायचं नाही. आपल्याकडे लकवा म्हटलं की करंट हे समीकरण इतकं घट्ट आहे की मशीन लावलं नाही तर पेशंटला फसवल्यासारखं वाटतं. पण जी नस आपोआप भरणार आहे तिला त्याचा फायदा झाल्याचा भक्कम पुरावा नाही, आणि जोरात सगळे स्नायू एकदम उडवले की पुढे नको ते स्नायू एकत्र हलायची सवय लागण्याची भीती असते. शिवाय चेहरा बधीर असेल तर भाजलेलंही कळत नाही.

फुगे आणि च्युइंगम नको. चावण्याचे स्नायू फेशियल नर्व्हवर चालतच नाहीत, त्यांची नस वेगळी आहे, म्हणजे दिवसभर च्युइंगम चघळून मजबूत होतो तो आधीच मजबूत असलेला स्नायू. फुग्याने आतल्या ताज्या टाक्यांवर ताण येतो तो वेगळाच.

गरम शेक, जोरात तेल मालिश, कबुतराचं रक्त, कसलाही लेप: काहीही नाही. खाली टाके आहेत, वरची त्वचा बधीर आहे.

बी-१२ ची गोळी डॉक्टरांनी दिली तर घ्या, शाकाहारी मंडळींमध्ये ते बरेचदा कमीच असतं आणि कमी असेल तर भरून काढणं गरजेचं. पण गोळ्या दुप्पट केल्या म्हणून नस दुप्पट वेगाने वाढत नाही.

## ७. व्यायाम: सर्जनने हो म्हटल्यावरच, आणि हळू

साधारण दोन ते तीन आठवड्यांनी, टाके भरल्यावर परवानगी मिळते. खोटं वाटेल पण इथे मेहनती पेशंटच जास्त चुकतात, कारण त्यांना शंभर-शंभर वेळा करायचं असतं.

पद्धत अशी. आरसा डोळ्यांच्या उंचीवर, बसून, दोन्ही कोपर टेबलावर. आधी चेहरा पूर्ण सैल सोडा. समजा खालचा ओठ कमजोर आहे. चांगल्या बाजूच्या ओठाच्या कोपऱ्यावर एक बोट हलकं ठेवा, म्हणजे ती बाजू पुढे धावणार नाही. आता "ई" अगदी लहान, पाव टक्क्याचा म्हटला तरी चालेल इतका बारीक. कमजोर बाजूला जराशी थरथर दिसली तरी तेवढंच हवंय. तीन सेकंद धरा, पूर्ण सोडा, श्वास घ्या. पाच वेळा. दिवसातून दोन-तीन वेळा. झालं.

हालचाल अजिबात येत नसेल तर कमजोर बाजूला बोटाने हळूच त्या दिशेला नेऊन मनाने ती हालचाल करायचा प्रयत्न करा, जोर नको. जोर लावला की चांगली बाजू आणखी ओढते आणि चेहरा जास्त वाकडा दिसतो, मग पेशंट आणखी जोर लावतो.

प्रत्येक वेळी एक नजर डोळ्यावर ठेवा. चंबू करताना त्या बाजूचा डोळा बारीक होतोय का? होत असेल तर हालचाल आणखी लहान करा, डोळा उघडा राहील इतकीच.

तपासून बघा: दर पंधरा दिवसांनी एकदा, त्याच जागी, त्याच उजेडात, पहिल्या टप्प्यातलाच व्हिडिओ. रोज आरशात मोजमाप करू नका, रोजच्या बघण्याने काही कळत नाही आणि जीव मात्र खालीवर होतो.

## ८. बधीर त्वचेची काळजी

गाल, कानाची पाळी, हनुवटी बधीर असेल तर हेअर ड्रायर, गरम पाण्याची पिशवी, बर्फ थेट लावणं बंद. चहा आधी मनगटावर किंवा चांगल्या बाजूच्या ओठावर तपासा. दाढी इलेक्ट्रिक ट्रिमरने. जड झुमके काही महिने कपाटात, पाळी फाटायला लागली तरी कळत नाही.

मुंग्या, टोचल्यासारखं, मध्येच वीज चमकल्यासारखं होतं ते बहुतेक वेळा स्पर्श परत येत असल्याचं लक्षण असतं. महिन्यातून एकदा कापसाच्या बोळ्याने बधीर भागाची कड शोधा, पेनाने ठिपके द्या, फोटो काढा. सीमा आक्रसत असेल तर चाललंय ते बरोबर चाललंय. सतत जळजळ किंवा झोप मोडणारी कळ असेल तर सहन करत बसू नका, त्यावर वेगळी औषधं असतात.

## ९. तीन महिन्यांनंतर: वाट बघण्यालाही मुदत असते

नस नुसती दबली किंवा ताणली गेली असेल तर काही आठवड्यांपासून तीन महिन्यांत सुधारणा दिसते. आतले तंतू तुटले पण आवरण शाबूत असेल तर नस पुन्हा वाढते, दिवसाला साधारण १ मिलिमीटर, म्हणून कित्येक महिने लागतात. पूर्ण कापली असेल तर नुसतं थांबून ती क्वचितच नीट जुळते.

तिसऱ्या महिन्यापर्यंत तसूभरही हालचाल नसेल तर ईएमजी आणि चेहऱ्याच्या नसांवर काम करणाऱ्या प्लास्टिक सर्जनचं दुसरं मत. "वर्षभर थांबा" हे ऐकून गप्प बसू नका. नस न मिळालेला स्नायू वर्ष-दीड वर्षात हळूहळू कामातून जातो, मग नस जोडून उपयोग होत नाही आणि दुसरीकडचा स्नायू आणून बसवण्यासारखी मोठी सर्जरी उरते. त्याआधी नस शिवणं, पायातल्या नसेचा तुकडा घालणं, चावण्याच्या नसेची फांदी वळवणं असे मार्ग खुले असतात. डोळा मिटतच नसेल तर वरच्या पापणीत छोटं वजन बसवता येतं, आणि नस परत आली की ते काढताही येतं.

साधारण तीन-चार महिन्यांनंतर हसताना डोळा मिटणं, डोळा मिटताना ओठ ओढला जाणं, गाल आखडणं सुरू होऊ शकतं. याला सिंकायनेसिस म्हणतात. इथे जोर वाढवणं ही सर्वात मोठी चूक. सगळं उलट करायचं: सैल सोडणं, गालाला आतून अंगठ्याने हळू ताण देणं, लहान सुट्या हालचाली. गरज पडली तर त्या स्नायूत बोटॉक्स.

खालच्या ओठाचा तिरकेपणा लग्नकार्यात फारच खुपत असेल तर चांगल्या बाजूच्या स्नायूत थोडं बोटॉक्स देऊन हसू समान करता येतं. परिणाम तीन-चार महिनेच टिकतो, तोवर नस आपलं काम करत राहते. मात्र वाकडेपणा लपवायला कमजोर बाजूला फिलर (खोलगट जागा भरणारं इंजेक्शन), नवे धागे किंवा दुसरी फेसलिफ्ट, हे नस स्थिरावेपर्यंत कुणी सुचवलं तरी हो म्हणू नका.

दुसऱ्या मताला जाताना सोबत न्यायचं: सर्जरीच्या आधीचा व्हिडिओ, दर पंधरा दिवसांचे व्हिडिओ तारखेप्रमाणे, ऑपरेशन नोट्स, ईएमजी, चालू गोळ्यांची यादी, आणि कमजोरी पहिल्यांदा कधी दिसली ती लिहिलेली ओळ.